लाटेचा वेग, वाळूचा उतार

गेल्या मे महिन्यात हर्णैला गेलो, तेव्हा मामाची बोट आंजर्ल्याच्या खाडीत दुरुस्तीला लागलेली होती. एप्रिलअखेरीस अवेळी वारं सुटलं. हर्णैला आडोसा नाही, त्यामुळे असं काही झालं की बोटी खाडीत पळतात. तशीच ही पळाली आणि खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर बसली. माणसं सुखरूप आली. बोटीच्या तळाच्या फळ्या गेल्या, आणि हंगामाचे उरलेसुरले दिवसही गेले.

संध्याकाळी ओटीवर लॅपटॉप उघडून मी उपग्रहाच्या चित्रात तेच खाडीचं तोंड बघत होतो. मामा मागे येऊन उभा राहिला. देवळाचा कळस, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, आमच्या घराची कौलं, सगळं त्यानं बरोबर ओळखलं. मग म्हणाला, "एवढं सगळं दिसतंय वरनं, मग दांडा का दिसत नाही रे?"

"पाणी गढूळ आहे, मामा," मी म्हणालो.

"गढूळ तर कायमच असतं," मामा म्हणाला आणि चहा घ्यायला आत गेला.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. उपग्रहचित्रांशी माझ्या नोकरीचा काडीचा संबंध नाही. पण प्रश्न डोक्यात बसला. स्वच्छ निळ्या पाण्यात तळावरून परत येणाऱ्या उजेडावरून खोली काढता येते, एवढं मला ठाऊक होतं. कोकणातल्या पाण्यात ते चालत नाही. मग गढूळ पाण्याखालचं वरून कसं कळणार? हे वाचता वाचता मी पुण्याच्या माझ्या खोलीतून थेट १९४३ सालात जाऊन पोचलो. कारण त्या वर्षी हा प्रश्न काही लाख माणसांच्या जिवाचा झाला होता.

*

२० नोव्हेंबर १९४३. पॅसिफिक महासागरातल्या तरावा प्रवाळवलयातलं बेटिओ हे बेट. अमेरिकी मरीन सैनिक इथे उतरणार होते. बेटाची हवाई छायाचित्रं भरपूर होती आणि उत्तम होती. तोफा, खंदक, धावपट्टी, सगळं त्यांत मोजता येत होतं. जपानी सैनिकांसाठी पाण्यावर बांधलेले संडाससुद्धा छायाचित्रांत दिसत होते. ते मोजून, एका संडासामागे किती माणसं असा हिशेब मांडून, बेटावर किती फौज आहे याचा अंदाज काढला गेला. तो खऱ्या आकड्याच्या अगदी जवळ निघाला. डेटावर काम करणाऱ्या कुणालाही अभिमान वाटावा असा हा हिशेब आहे.

पण बेटाभोवती प्रवाळाचा कठडा होता, आणि त्या कठड्यावर त्या सकाळी पाणी किती असेल हे छायाचित्रं सांगत नव्हती. सैनिकांना नेणाऱ्या सपाट तळाच्या बोटींना साधारण सव्वा मीटर पाणी लागायचं. त्या बेटांवर राहिलेल्या मेजर फ्रँक हॉलंड यांनी आधीच बजावलं होतं की एवढं पाणी मिळणार नाही. दिवस भांगाचे होते. कोकणात भांग आणि उधाण लहान पोरालाही कळतं: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगात भरती धड चढत नाही. त्यात चंद्र पृथ्वीपासून लांबच्या टप्प्याकडे निघालेला. पाणी चढलंच नाही. कठड्यावरून रांगत जाऊ शकणारी वाहनं मोजकीच होती. बाकीच्या बोटी कठड्यावर अडल्या आणि माणसं छातीभर पाण्यातून, काहीशे मीटर, समोरून येणाऱ्या गोळ्यांमध्ये चालत गेली. ७६ तासांच्या त्या लढाईत हजारावर अमेरिकी मेले. जपानी बाजूला कोरियन मजुरांसह साडेचार हजारांवर माणसं होती. त्यांतली जवळजवळ सगळी गेली.

पाण्यावरचे संडास मोजता आले, पण त्यांच्याखालचं पाणी मोजता आलं नाही.

*

हवेतून छायाचित्रं काढणं तोवर चांगलंच मुरलेलं होतं. त्याचं श्रेय सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वल्लीला देतात. युद्धाच्या आधी, १९३९ साली, हा गृहस्थ व्यापाराच्या मिषाने जर्मनीवरून विमान न्यायचा आणि त्याच्या पोटात लपवलेल्या कॅमेऱ्यांनी छायाचित्रं काढायचा. युद्ध सुरू झाल्यावर त्याने आणि मॉरिस लाँगबॉटम या वैमानिकाने स्पिटफायर विमानातल्या बंदुका काढून तिथे कॅमेरे आणि जास्तीचं इंधन भरायची कल्पना पुढे रेटली. लढायचं नाही, उंच जायचं, जोरात जायचं, चित्र घ्यायचं आणि घरी यायचं. २१ मे १९४१ रोजी मायकेल सकलिंग नावाच्या तरुण वैमानिकाने नॉर्वेत बर्गनजवळच्या खाडीत उभी असलेली 'बिस्मार्क' ही युद्धनौका अशीच टिपली. सहा दिवसांनी ती बुडाली. सकलिंगही त्याच उन्हाळ्यात अशाच एका फेरीवरून परतला नाही.

ही चित्रं यायची थेम्सकाठच्या मेडमनमला, डेन्सफील्ड हाऊस नावाच्या हवेलीत. तिथे बसून ती वाचणाऱ्यांत सैनिक कमी आणि भूगोलवाले, भूशास्त्रज्ञ, पुरातत्त्ववाले जास्त. स्त्रियाही पुष्कळ होत्या. लागोपाठची दोन छायाचित्रं साधारण ६० टक्के एकमेकांवर येतील अशी काढायची, स्टिरिओस्कोपखाली शेजारी शेजारी ठेवायची, की इमारती उभ्या राहतात आणि दऱ्या खोल जातात. याच तळघरांत छायाचित्रांवरून किनाऱ्यांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती बनायच्या. मार्च १९४२ मध्ये फ्रान्सच्या सँ नाझेर बंदरातली प्रचंड सुकी गोदी उडवायची ठरली, तेव्हा हल्लेखोरांनी बंदर आधी अशा प्रतिकृतीवरच पाठ केलं.

सँ नाझेरची गोष्ट माझी आवडती आहे, कारण तीही शेवटी पाण्याच्या खोलीवर येते. 'कॅम्बलटाऊन' ही जुनी विनाशिका स्फोटकं भरून गोदीच्या दारावर नेऊन आदळायची होती. नेहमीच्या खोल मार्गावर तोफा रोखलेल्या. म्हणून त्यांनी उधाणाची भरती निवडली, जहाजावरचं होतं नव्हतं ते वजन उतरवलं आणि ल्वार नदीच्या मुखातल्या चिखलाच्या पठारांवरून ते नेलं. वाटेत दोनदा तळ घासला. पण जहाज दारापर्यंत पोचलं.

त्याच वर्षी १९ ऑगस्टला दिएपला मात्र सगळं फसलं. किनाऱ्यावर रणगाडे चालतील की नाही याचा अंदाज प्रामुख्याने सहलीला गेलेल्या लोकांच्या फोटोंवरून घेतला होता. तिथली वाळू वाळू नव्हतीच. गारगोटीचे गोटे होते, आणि ते रणगाड्यांच्या पट्ट्यांमध्ये जाऊन अडकले. कड्यांच्या पोटात लपवलेल्या तोफा वरून घेतलेल्या छायाचित्रांत दिसल्या नव्हत्या. उतरलेल्या सुमारे ५,००० कॅनेडियनांपैकी ९०७ मेले आणि दोन हजारांच्या आसपास पकडले गेले.

सहलीच्या फोटोंना हसायचं कारण नाही, कारण पुढेही ते वापरलेच. ब्रिटिशांनी बीबीसीवरून आवाहन केलं की तुमच्याकडे युरोपच्या किनाऱ्यांचे फोटो, पोस्टकार्डं असतील तर पाठवा. लाखो आले. मुलं वाळूचे किल्ले करतायत, आई छत्रीखाली बसलीय, आणि मागे कुणाच्या लक्षातही न आलेली समुद्रभिंत. त्या भिंतीची उंची काढायला त्या आईची उंची पुरायची.

*

आता लाटांकडे येऊ, कारण मामाच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

खोल समुद्रातून आलेली लाट किनाऱ्याजवळ आली की तिला तळ जाणवायला लागतो आणि ती मंदावते. दोन लाटांमधला वेळ तोच राहतो, पण त्यांच्यातलं अंतर आक्रसत जातं. मागच्या लाटा पुढच्यांच्या अंगावर आल्यासारख्या दिसतात. हे गणित नवं नव्हतं. एअरीने १९व्या शतकाच्या मध्यालाच ते मांडलं होतं. अगदी उथळ पाण्यात ते फार सोपं होतं. गुरुत्वत्वरणाला खोलीने गुणा आणि वर्गमूळ काढा. तो लाटेचा वेग. २ मीटर पाण्यात सेकंदाला साधारण ४.४ मीटर. ४ मीटर पाण्यात ६.३ मीटर.

मग हे उलटं का वाचू नये? वेग मोजा, खोली काढा. पाणी गढूळ असो की नितळ, लाटेच्या पाठीला फरक पडत नाही. विमानातून एकाच जागेची दोन छायाचित्रं काही सेकंदांच्या अंतराने घ्यायची, लाटेचा माथा किती सरकला ते मोजायचं, बस्स.

'बस्स' म्हणणं सोपं आहे. मी स्वतः कागदावर हिशेब करून पाहिला. ३६ इंची भिंग आणि ३०,००० फूट उंची धरली तर छायाचित्राचं प्रमाण येतं १ ला १०,०००. दोन चित्रांत ३ सेकंदांचं अंतर असेल, तर २ मीटर पाण्यातली लाट तेवढ्यात १३ मीटर सरकेल. म्हणजे कागदावर १.३ मिलिमीटर. मोजताना ०.१ मिलिमीटर चुकलं तर वेग ८ टक्के चुकला. खोली वेगाच्या वर्गावर अवलंबून, त्यामुळे ती १६ टक्के चुकली. २ मीटरला ३० सेंटिमीटर. तरावाला माणसं ज्या फरकापायी मेली, तो याहून फार मोठा नसावा. शिवाय तोवर विमानही पुढे सरकलेलं असतं. त्यामुळे दोन्ही चित्रांत जमिनीवरचं काहीतरी न हलणारं, एखादं घर, एखादा खडक, असावं लागतं. तेवढं जुळवून मगच लाटांकडे बघायचं. आणि समुद्रही शिस्तीचा हवा. वाऱ्याने फेसाळलेला असेल तर कुठली लाट कुठे गेली ते कळत नाही. अगदी शांत असेल तर लाटाच नाहीत. लांबून आलेली, एका चालीची, सुबक लाट हवी. असा दिवस, वर ढग नाहीत, आणि खाली तोफा. पुन्हा एकच किनारा सारखा टिपला तर शत्रूला सुगावा लागणार. म्हणून नको असलेल्या किनाऱ्यांवरही तितक्याच फेऱ्या मारायच्या.

तरीही केलं. ब्रिटनमध्ये या कामातल्या डब्ल्यू. डब्ल्यू. विल्यम्स यांनी युद्ध संपल्यावर, १९४७ साली, 'जिऑग्राफिकल जर्नल'मध्ये शत्रूच्या ताब्यातल्या किनाऱ्यांचे उतार कसे काढायचे यावर लेख लिहिला.

या पद्धतीला जोड होती आणखी एका युक्तीची, आणि मला ती जास्त देखणी वाटते. किनाऱ्यावर पाणी जिथे टेकतं ती रेघ म्हणजे समान उंचीची रेघच. समुद्र दिवसभर वर-खाली होत स्वतःच समोच्च रेषा आखत असतो. ओहोटीचं छायाचित्र, अर्ध्या भरतीचं, पूर्ण भरतीचं, अशी घेऊन त्या रेघा एकाच नकाशावर उतरवल्या की वाळूचा उतार हाती येतो. नॉर्मंडीला उधाणाच्या वेळी पाणी ६ मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, म्हणजे पुष्कळच किनारा असा उघडा पडतो. अट एकच. प्रत्येक छायाचित्र घेतलं त्या मिनिटाला पाणी किती उंचीवर होतं हे माहीत हवं.

ते काम लिव्हरपूलजवळ बिड्स्टन टेकडीवर आर्थर डूडसन करत. ऐकू फार कमी यायचं त्यांना. भरतीचा अंदाज म्हणजे सूर्य-चंद्राच्या अनेक तालांची बेरीज, आणि ती बेरीज पितळी चाकं आणि कप्प्यांवरून जाणारी तार असलेलं यंत्र करायचं. अशी दोन यंत्रं होती. एका बॉम्बने दोन्ही जाऊ नयेत म्हणून वेगवेगळ्या इमारतींत ठेवलेली. ऑक्टोबर १९४३ मध्ये नौदलाच्या फार्कहारसन यांच्याकडून डूडसनना एका जागेचे आकडे आले. जागेचं नाव नाही, नुसतं 'पोझिशन झेड'. तिथले भरतीचे तक्ते करून हवे होते.

त्या दोन यंत्रांपैकी एक एडवर्ड रॉबर्ट्स यांचं. याच रॉबर्ट्सनी १८७९ साली असंच एक यंत्र इंडिया ऑफिससाठी घडवून घेतलं होतं, भारतातल्या बंदरांच्या भरतीचे तक्ते काढायला. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची नोंद होत होती. मापकावरचे आकडे असे यंत्रातून फिरून तक्ते होऊन परत बंदरात यायचे. आजही मामाच्या घरी कॅलेंडरवर भरतीच्या वेळा असतात, त्या बघताना मला ते पितळी यंत्र आठवतं. (मामाला नाही. तो तिथी बघतो.)

*

एवढं होऊनही एक गोष्ट कुठल्याच छायाचित्रातून कळणार नव्हती: वाळूखाली काय आहे. बर्नाल आणि इतर शास्त्रज्ञांना शंका आली की नॉर्मंडीच्या काही पट्ट्यांत वाळूचा थर पातळ आहे आणि खाली जुनं पीट, म्हणजे कुजक्या झाडपाल्याची भुसभुशीत माती, आणि चिकणमाती आहे. छायाचित्रांत काही ठिकाणी गडद डाग दिसतही होते. तो डाग म्हणजे ओली वाळू, की रणगाडा गिळणारा चिखल?

याचं उत्तर आणायला ३१ डिसेंबर १९४३ च्या रात्री लोगन स्कॉट-बाउडन आणि ब्रूस ऑग्डन-स्मिथ हे दोघं हिवाळ्याच्या पाण्यात पोहत किनाऱ्याला लागले. हातात जमिनीत भोक पाडायचा गिरमिट, अंगावर नमुने भरायच्या नळ्या. दीपगृहाचा झोत फिरून आला की वाळूत पालथं पडायचं, गेला की पुढे सरकायचं. परत जाताना लाटा इतक्या होत्या की दोनदा मागे फेकले गेले. त्या फेसात ऑग्डन-स्मिथचं ओरडणं ऐकून स्कॉट-बाउडनला वाटलं तो अडचणीत आहे. तो नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत होता.

नमुने चांगले निघाले. वाळू वजन पेलणारी होती. जानेवारीत हेच दोघं छोट्या पाणबुडीतून पुढे ओमाहा हे सांकेतिक नाव मिळालेल्या किनाऱ्यावर जाऊन आले. तिथली वाळूही ठीक होती. पण स्कॉट-बाउडनने जनरल ब्रॅडलींना सांगितलं की हा किनारा फार अवघड आहे, इथे माणसं खूप जातील. ब्रॅडलींनाही ते माहीत होतं.

मे १९४४ मध्ये अमेरिकी विमानं झाडांच्या उंचीवरून किनाऱ्यालगत गेली आणि ओहोटीच्या वाळूत रोवलेले खांब, लोखंडी अडथळे टिपून आली. त्या चित्रांत पळणारे जर्मन सैनिक दिसतात, काही वाळूवर लोटांगण घातलेले. भरतीला उतरलं तर बोटी अडथळ्यांवर फाटणार. ओहोटीला उतरलं तर शेकडो मीटर उघड्या वाळूवरून पळावं लागणार. म्हणून ओहोटीनंतर पाणी चढायला लागतानाची वेळ निवडली. त्यात रात्री चंद्र हवा. डूडसनच्या तक्त्यांतून जूनच्या ५, ६ आणि ७ या तारखा उरल्या. ५ ला वादळ होतं, ६ ला उतरले.

विमानातून वेग मोजायला सोयीची असते तशी सुबक लाट त्या सकाळी ओमाहासमोर नव्हती. तरंगते रणगाडे पाण्यात सोडले. एका तुकडीच्या २९ पैकी २७ बुडाले.

*

ही विद्या भारतातही आली होती. मेडमनमसारखंच छायाचित्रं वाचायचं केंद्र इथे होतं, आणि ग्लिन डॅनियल हे पुरातत्त्ववाले त्याचे प्रमुख होते. त्याच कामासाठी आलेल्या स्टुअर्ट पिगट यांनी फावल्या वेळात इथल्या वस्तुसंग्रहालयांतली खापरं बघितली आणि १९५० साली 'प्रीहिस्टॉरिक इंडिया' हे पुस्तक काढलं. मी ते कॉलेजात असताना पदपथावर ३० रुपयांना घेतलं होतं आणि लेखकाचा विमानांशी काही संबंध असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

तर, लाटा. ही पद्धत अजून जिवंत आहे आणि ज्या उपग्रहाचं चित्र मी मामाला दाखवत होतो, त्यातच ती दडलेली आहे. युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह निळा, हिरवा, लाल हे रंग एकाच क्षणी टिपत नाही. निळा आणि लाल यांत जवळपास एका सेकंदाचं अंतर पडतं. सगळ्यांच्या दृष्टीने हा दोष; चालत्या विमानाभोवती त्यामुळे रंगीत भुतं दिसतात. पण लाटांसाठी ती एका सेकंदाच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रंच झाली. चित्राचा एक ठिपका १० मीटरचा, आणि लाट सेकंदात त्याहून कमीच सरकते. म्हणून एकेक माथा न मोजता शेकडो लाटांचा एकत्र सूर काढून त्याची दोन रंगांमधली सरक मोजावी लागते. स्टिरिओस्कोपखाली डोळे फोडून केलेलं काम आता माझा लॅपटॉप पंख्याचा आवाज करत करतो. चित्रं फुकट मिळतात, हे सांगायला हवं.

चार महिने शनिवार-रविवार घालवून मी आंजर्ल्याच्या तोंडाचा नकाशा केला. खडबडीत आहे. ज्या उथळ पाण्याची मला गरज, तिथे लाटा फुटतात आणि गणित कोलमडतं. तरी बाहेरच्या बाजूने एक फिकट जीभ आत वळलेली दिसत होती. गणपतीला गेलो तेव्हा छापून नेला.

मामाने चष्मा लावून बराच वेळ पाहिला. जिभेवर बोट ठेवलं. "इथंच बसली," म्हणाला. मला काय वाटलं ते सांगत नाही.

मग त्याने विचारलं, "हे कधीचं?"

"मे महिन्यातलं."

"मग पाऊस पडून गेला की." त्याने कागदाची घडी करून परत दिली. "तो दांडा आता तिथं नसणार. नदीनं हलवला असेल. नारळीपौर्णिमेनंतरचं मिळतं का बघ."

ऑगस्टची सगळी चित्रं मी उघडून पाहिली आहेत. सगळीकडे ढग आहेत. आता ऑक्टोबरची वाट बघतोय.